दर सीझनला नवी स्की, तरी तक्रार तीच: ऑल-माउंटन स्की बदलण्याआधी काय तपासायचं

“मागच्या वर्षीची स्की टणक बर्फावर धरत नव्हती म्हणून यंदा दुसरी घेतली. तीही धरत नाही. आता कुठली घेऊ?” बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या आणि शनिवार उजाडला की व्हरमाँट-न्यू हॅम्पशायरकडे गाडी काढणाऱ्या आपल्या मंडळींत हा प्रश्न दर हिवाळ्यात फिरून येतो. विचारणारा सातशे-आठशे डॉलर मोजून बसलेला असतो आणि त्याला फक्त पुढच्या मॉडेलचं नाव हवं असतं. नाव सांगायला काय जातंय? पण बऱ्याचदा मामला ‘आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला’ असा असतो. दुखणं एजमध्ये (स्कीच्या कडेच्या पोलादी पट्टीत) किंवा बुटात, आणि बदलली जाते स्की.

म्हणून इथे ‘सर्वोत्तम दहा’ वगैरे यादी नाही. तक्रार कुठली आहे ते पाहू, ती स्कीच्या घडणीची आहे, देखभालीची आहे की बुटाची ते वेगळं काढू, आणि दोष खरोखर घडणीचाच निघाला तर मग काय घ्यायचं ते बोलू.

आधी हातातली स्की वाचून घ्या

स्कीवर १३२-९६-११९ असे तीन आकडे छापलेले असतात. पहिला टोकाची रुंदी, मधला कंबरेची, तिसरा शेपटीची, सगळं मिलिमीटरमध्ये. कंबर म्हणजे बुटाखालची सर्वांत अरुंद जागा, आणि निवडीत सगळ्यात जास्त फरक पाडणारा आकडा हाच. हल्ली तो मॉडेलच्या नावातच असतो: ब्लिझार्ड ब्राह्मा ८८ (आता बंद), नॉर्डिका एन्फोर्सर ९४, एलान रिपस्टिक ९६. सोबत ‘आर’ लिहून १५, १७, १८ असा एखादा आकडा असतो. ती वळणाची त्रिज्या, मीटरमध्ये. आकडा लहान तितकी स्की आपणहून आखूड वळणं घेते.

नुसत्या ग्रूम केलेल्या (मशीनने सपाट केलेल्या) उतारासाठीच्या स्कीजची कंबर साधारण ६५ ते ७५, पावडरसाठीच्या, म्हणजे ताज्या मऊ बर्फासाठीच्या, १०५च्या पुढे. मधला ८० ते १००चा सगळा पट्टा ‘ऑल-माउंटन’ या एकाच पाटीखाली विकला जातो. खरी गोची इथे आहे. ८२ आणि १०० या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत, पण दुकानात त्या एकाच भिंतीवर टांगलेल्या दिसतात आणि दोन्हींवर लिहिलेलं असतं की ही डोंगरावर सगळीकडे चालते.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅम्बर आणि रॉकर. घरीच पाहता येते. दोन्ही स्कीज तळाला तळ लावून उभ्या धरा आणि न दाबता बाजूने बघा. बुटाखाली दोघींमध्ये फट दिसते तो कॅम्बर. आता मधोमध हाताने चिमटीत दाबून ती फट मिटवा. टोकाकडे त्या जिथून एकमेकींपासून लांब जायला लागतात तिथून रॉकर सुरू. तो अगदी टोकाशी, वीतभर अंतरात सुरू होत असेल तर टणक बर्फावर जवळपास पूर्ण लांबीची एज टेकते. बराच मागे, बुटाच्या दिशेने सुरू होत असेल तर १८०ची स्की सपाट, कठीण उतारावर १५०-१५५सारखी वागते. लांबीवरून वाद घालण्याआधी हे पाहावं.

तक्रार पहिली: टणक बर्फावर बाजूला सुटते

ही पूर्व किनाऱ्याची राष्ट्रीय तक्रार म्हणायला हरकत नाही, म्हणून हिच्यावर जरा जास्त वेळ घालवू. न्यू इंग्लंडात जानेवारीतही पाऊस पडतो, रात्री पारा उणे पंधरावर जातो आणि सगळा डोंगर गोठतो. वर मशीनने तयार केलेला बर्फ असतो; तो आभाळातून पडणाऱ्या बर्फापेक्षा दाट आणि दाणेदार. ग्रूमर रात्री तो खरवडून ठेवतो, सकाळी नऊला छान रेघारेघांचा पट्टा दिसतो आणि अकरा वाजेपर्यंत शंभर जणांनी ती साय खाली लोटलेली असते. खाली राहतो तो राखाडी, चमकणारा थर. किलिंग्टन असो, स्टो असो की आपलं घराजवळचं वाचुसेट, सगळीकडे हेच.

अशा थरावर स्की सुटली की पहिला संशय धारेवर घ्या. अंगठ्याचं नख एजवर आडवं, हलक्या हाताने ओढा. धार असेल तर नखाचा पांढरा भुगा निघतो. नख नुसतं सरकलं तर धार संपली आहे. हे बुटाखालच्या भागात तीन-चार ठिकाणी करा, कारण झीज तिथेच जास्त होते. मग बोट एजच्या लांबीने फिरवा (सावकाश, कापतं). मध्येच खरखरीत टोचलं तर दगडावर आपटून आलेला बर, म्हणजे स्टीलचा बारीक कंगोरा, आहे. तिथलं स्टील आपटल्यामुळे आणखी कडक झालेलं असतं, फाइल त्यावरून घसरते. आधी डायमंड स्टोनने तो काढायचा आणि मगच फाइल.

घरी धार लावत असाल तर काळ्या मार्करने साइड एज रंगवा, गाइडमधून फाइलचे दोन हात मारा आणि बघा. शाई पूर्ण रुंदीत गेली तर तुमचा कोन आणि स्कीचा कोन जुळतो. एका कडेला काळी रेघ उरली तर तुम्ही इतका वेळ भलतीकडेच घासत होता. बहुतेक ऑल-माउंटन स्कीजना साइड एजचा कोन २ अंश ठीक असतो, बर्फाळ भागात ३ घ्यायलाही हरकत नाही.

तळाच्या बाजूचा कोन मात्र वेगळं प्रकरण आहे. तो साधारण १ अंशाच्या आसपास असावा. हौशी हाताने दर आठवड्याला तळाच्या बाजूनेही घासत राहिलं की तो दीड, दोन अंशांवर जातो. मग एज बर्फाला लागण्याआधी स्की जास्त झुकवावी लागते, आणि वळणाच्या सुरुवातीला काहीच हाताला लागत नाही असं वाटतं. यावर साइडने कितीही धार लावा, फरक पडत नाही. दुकानात देऊन तळ ग्राइंड करून घ्यायचा आणि कोन नव्याने बसवून घ्यायचा. हे काम शंभर डॉलरच्या आत होतं. नवी स्की घेण्याआधी हे करून न पाहणं म्हणजे पैशाला पाय फोडणं आहे.

आणि हो, गाडीच्या टपावर उघड्या बांधून तीन तास हायवेवरून आणलेल्या स्कीजवर रस्त्याचं मीठ उडालेलं असतं. तशाच गॅरेजमध्ये ठेवल्या की पुढच्या शनिवारी एज तांबूस. फडक्याने पुसून आत घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

धार ठीक, कोन ठीक, तरी सुटते? आता बूट. आतलं लायनर बाहेर काढा, नुसत्या शेलमध्ये पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. एक ते दोन बोटं मावली तर माप बरोबर. तीन मावत असतील तर बूट मोठा आहे आणि तुम्ही बकल आवळून आवळून वेळ मारून नेताय. टाच आत उचलली जात असेल तर गुडघ्याने दिलेला हुकूम स्कीपर्यंत पोचायला उशीर होतो, आणि बर्फाळ उतारावर तेवढा उशीर पुरतो. आपल्याकडे बूट घेताना ‘थोडे सैल असू देत, जाड मोजे घालू’ ही सवय फार. स्कीच्या बुटात ती महागात पडते. मोजा पातळ, एकच. स्की आणि बूट यांतलं एकच काही नीट घ्यायचं बजेट असेल तर माझं मत स्वच्छ आहे: बूट घ्या, स्की भाड्याने आणा.

हे सगळं पार करूनही तक्रार उरली, तर मग कंबर बघा. स्कीच्या बुटाचा तळवा पुढच्या बाजूला ६९ मिलिमीटर रुंद असतो, हे माप प्रमाणित आहे. ७२ कंबरेच्या स्कीची एज म्हणजे जवळजवळ बुटाच्या कडेखालीच आली. १०० कंबरेच्या स्कीची एज दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मिलिमीटर बाहेर. स्की झुकवली की बर्फाचा सगळा दाब त्या बाहेरच्या एजवर येतो आणि तो स्कीला परत सपाट पाडायला बघतो. हा पीळ घोट्याने आणि गुडघ्याने सोसायचा असतो. मऊ बर्फात स्की थोडी आत रुतते, दाब तळावर पसरतो आणि पीळ जाणवत नाही. टणक बर्फावर तो पूर्ण जाणवतो. दिवसभर रुंद स्की बर्फाळ उतारावर चालवून संध्याकाळी गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं त्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं. शिवाय एका एजवरून दुसऱ्या एजवर जायला अंतर जास्त, म्हणून वळणं संथ.

तेव्हा तुमचे दहापैकी आठ दिवस वाचुसेट, लून, किलिंग्टनला जात असतील तर कंबर ८० ते ९०च्या मध्ये ठेवा. ९६-१००ची स्की ‘कधी युटाला गेलो तर’ म्हणून घेऊ नका. युटाला गेलात तर तिथे भाड्याने मिळते.

तक्रार दुसरी: वळण सुरूच होत नाही, स्की रुळावर असल्यासारखी सरळ पळते

ही वरच्याच्या उलट, आणि बहुतेक वेळा नव्या किंवा नुकत्याच धार लावून आणलेल्या स्कीची. एक पोलादी पट्टी तळावर आडवी ठेवा आणि उजेडाकडे धरून बघा. मध्ये उजेड दिसला आणि पट्टी फक्त दोन्ही एजवर टेकली तर तळ खोलगट आहे. अशी स्की फिरवायला गेलात की एज अडते. उलट, पट्टी मध्ये टेकून कडेला उजेड दिसला तर तळ फुगलेला आहे आणि स्की तरंगल्यासारखी इकडेतिकडे हलते. दोन्हींवर इलाज ग्राइंड.

तळ सपाट असेल तर टोकाची आणि शेपटीची धार बघा. रॉकर असलेल्या भागातल्या एजला धार कशाला? तिथे मऊ रबरी स्टोनने दोन हात फिरवून धार मारून टाका. शेपटी वळणाच्या शेवटी सोडत नसेल तरीही हाच उपाय. एवढ्यावर भागलं नाही तर मग स्की तुमच्यासाठी जास्त ताठ आहे, त्याबद्दल पुढे.

तक्रार तिसरी: पावडरमध्ये टोकं बुडतात, मांड्या भरून येतात

इथे स्कीचा दोष खरा असण्याची शक्यता जास्त. ताज्या, कोरड्या बर्फात हवाच फार असते. घनमीटरला पन्नास ते शंभर किलो एवढंच वजन. त्यावर तरंगायला पृष्ठभाग लागतो आणि वर वळलेलं टोक लागतं. ७६ कंबरेची, पूर्ण कॅम्बरची स्की गुडघाभर बर्फात नेली की ती पाणबुडी होते. मग माणूस टोकं वर ठेवायला मागे बसतो, मागे बसला की मांड्यांवर भार, आणि तासाभरात खेळ खलास. ९६ ते १०६, पुढे भरपूर रॉकर अशी स्की दिली की तोच माणूस मधोमध उभा राहून वळतो.

रॉकरची गंमत अशी की ही कल्पना पाण्यावरच्या स्कीकडे पाहून आली. शेन मॅकॉन्की या स्कीपटूने व्होलाँ कंपनीकडून बनवून घेतलेली स्पॅच्युला २००२च्या सुमारास बाजारात आली, तेव्हा ती उलटी वाकवल्यासारखी दिसते म्हणून लोक हसले होते. आज दुकानातल्या जवळपास प्रत्येक ऑल-माउंटन स्कीच्या टोकाला तिचा थोडाफार अंश आहे.

पण पावडर-पावडरमध्येही फरक. होक्काइदोला सायबेरियाची थंड हवा जपानच्या समुद्रावरून ओल घेऊन येते आणि हलका बर्फ सतत पडत राहतो. युटाचा बर्फही कोरडा. टाहोला मात्र वादळं थेट पॅसिफिकवरून येतात, बर्फ जड, ओलसर. तिथले लोक त्याला ‘सिएरा सिमेंट’ म्हणतात ते उगाच नाही. बे एरियातल्या आपल्या लोकांची अडचण वेगळी असते: शुक्रवारी रात्री वादळ, शनिवारी पावडर, रविवारी तेच सगळं नांगरलेलं. तिथे ९४ ते १०० ही एकच जोडी ठेवायला योग्य रुंदी. सिएटलजवळच्या कॅस्केड्समध्येही तेच.

पुण्या-मुंबईहून गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी इथेच दोन शब्द. गोंडोलाचा दुसरा टप्पा कोंगडोरीहून अफरवतच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो, आणि तिथून खाली ग्रूम केलेलं फारसं काही नाही. तिथे रुंद, रॉकरवाली स्कीच हवी. त्याआधी मात्र हिमस्खलनाचं सामान (ट्रान्सीव्हर, फावडं, प्रोब), ते वापरायचं शिक्षण आणि स्थानिक गाइड हवा. ते नसेल तर स्कीची चर्चा व्यर्थ आहे. औलीला किंवा गुलमर्गच्या खालच्या उतारांवर कोर्स करणाऱ्याने रुंदीच्या नादाला लागूच नये. शिकताना ७० ते ८०ची, हनुवटीइतकी, मऊ स्की बरी.

तक्रार चौथी: दुपारी उतार तुडवला गेला की स्की उडते, इकडेतिकडे फेकली जाते

ही तक्रार हल्ली वाढली आहे आणि त्याला कारण हलक्या स्कीजची फॅशन. दुकानात हातात घेतली की हलकी स्की सुखावते. लिफ्टकडे खांद्यावरून नेतानाही बरी वाटते. पण तुडवलेल्या बर्फाचे ढेकूळ समोर आले की हलकी स्की त्यांच्यावरून उडते आणि जड स्की त्यांच्यातून जाते. एका स्कीचं वजन १,६०० ग्रॅम आणि २,१०० ग्रॅम यांत पाय सांगतो तेवढा फरक आहे.

वजनासोबत येतो टायटॅनल. नावावरून टायटॅनियम वाटतं, पण हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. त्याचे पातळ पत्रे लाकडी गाभ्याच्या वर-खाली लावले की थरथर मरते आणि स्की पिळायला कठीण होते, म्हणजे झुकवली की टोकापासून शेपटीपर्यंत एकदम धरते. एन्फोर्सर, ब्राह्मा आणि ब्लिझार्डचीच जुनी बोनाफाइड ही अशी धातूवाली घराणी. उलट रिपस्टिकमध्ये कार्बनच्या नळ्या आहेत, ॲटॉमिकच्या बेंट १००मध्ये हलका लाकडी गाभा. या उड्या मारायला, झाडांतून फिरायला, मऊ बर्फात खेळायला झकास, पण दुपारच्या नांगरटीत वेगाने सोडल्या की बोलायला लागतात.

धातू फुकट मिळत नाही. ५५ किलोच्या, बेताच्या वेगाने जाणाऱ्या व्यक्तीला दोन पत्र्यांची ९६ची स्की वाकतच नाही. न वाकलेली स्की वळत नाही, आणि मग आपण वर पाहिलेली दुसरी तक्रार सुरू होते. तेव्हा तपासायचं ते हे: स्की तुम्हाला फेकते की तुम्ही स्कीला हलवू शकत नाही? पहिलं असेल तर जड आणि ताठ घ्या, दुसरं असेल तर हलकी आणि मऊ. ‘एक्स्पर्ट’ लेबल बघून स्वतःला त्या रांगेत उभं करण्याचा मोह मात्र भल्याभल्यांना आवरत नाही. अहंकाराला मोल नाही म्हणावं, तर सातशे डॉलर आहे.

तक्रार पाचवी: मार्च-एप्रिलमध्ये स्की चिकटते, पुढे झोकांडी जाते

इथे स्की पूर्णपणे निर्दोष. ओल्या बर्फात तळाखाली पाण्याचा थर चिकटून ओढ निर्माण होते. उबदार बर्फाचा वॅक्स लावा (बऱ्याच कंपन्यांत तो पिवळा असतो, कडाक्याच्या थंडीचा निळा), इस्त्रीतून धूर येईल इतकी ती तापवू नका, गार झाल्यावर प्लास्टिकच्या खरवडणीने सगळा काढा आणि नायलॉनच्या ब्रशने टोकापासून शेपटीकडे घासा. लोक वॅक्स तळावर थापून ठेवतात. तो तळाच्या आत हवा, वर नको. एजलगत पांढुरकी झाक दिसली की तळ कोरडा पडला आहे, उशीर केलात. ग्राइंड करताना वसंतासाठी जरा खोल रेघांचं स्ट्रक्चर मागितलंत तर पाणी निघून जायला मदत होते.

वेगात टोकं फडफडताना दिसतात ही तक्रारही याच खात्यात टाकतो. रॉकर आहे, टोक बर्फाला टेकलेलंच नाही, ते हलणारच. वर बघू नका, पुढे बघा.

मग घ्यायची कुठली आणि किती लांब

लांबीबद्दल अजूनही एक सल्ला फिरतो: हात वर करा, मनगटापर्यंत यायला हवी. हा सल्ला सरळ, चिंचोळ्या स्कीजच्या काळातला. १९९३ मध्ये एलानची एससीएक्स आली, बाजूंना खोल वक्र असलेल्या स्कीजचं युग सुरू झालं आणि लांबी वीत-दीड वीत खाली आली. आता ऑल-माउंटनसाठी हनुवटी ते कपाळ हा पल्ला. नवशिका आणि हलका माणूस हनुवटीकडे. वजनदार, वेगवान आणि झाडाबाहेर उघड्या उतारावर फिरणारा कपाळाकडे. रॉकर मोठा असेल तर पाचेक सेंटिमीटर वाढवा. उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं, कारण स्कीला तुमची उंची कळत नाही, तिला वाकवतं ते वजन आणि वेग.

पूर्व किनाऱ्यावर शिकून नुकताच निळ्या (मध्यम) उतारांवर स्थिरावलेला असाल तर ८० ते ८४, धातू नको किंवा एकच पातळ थर, त्रिज्या १४-१५. काळ्या (अवघड) उतारांवर आत्मविश्वासाने जाणारा, ८० किलोच्या पुढचा माणूस असेल तर ८८, दोन पत्रे, लांबी नाकापर्यंत; त्याला याहून रुंद काहीही घेऊन दिलं तर तो वर्षभरात परत येईल. म्युनिक-झुरिककडे राहून आल्प्समध्ये मुख्यतः पिस्टवर (ग्रूम केलेल्या उतारांवर) फिरणाऱ्यांनाही ७८ ते ८८ पुरे. स्त्रियांसाठीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या स्कीज बहुधा थोड्या हलक्या, मऊ असतात आणि बाइंडिंगची (बूट स्कीला अडकवणाऱ्या साच्याची) खूण कधीकधी जराशी पुढे असते. ब्लॅक पर्ल ८८ ही ब्राह्मा ८८ची तशीच बहीण होती. एखाद्या ताकदीच्या मुलीला ब्राह्मा जास्त आवडेल, एखाद्या हलक्या पुरुषाला ब्लॅक पर्ल. रंग सोडला तर अडचण कशाचीच नाही. वाढत्या मुलांना विकत घेऊच नका, सीझनभरासाठी भाड्याने मिळतात.

दोन जोड्या परवडत असतील तर माझा सल्ला मधली गाळून टाकण्याचा. एक ७४ ते ७८ची धारदार, एक ९८ ते १०२ची मऊ. ९२च्या दोन जोड्या घेणारे लोकही पाहिले आहेत, त्यांचं गणित मला अजून उलगडलेलं नाही.

घेण्याआधी डेमो करा, म्हणजे दुकानाची स्की चालवून बघा, आणि सकाळी करू नका. सकाळी नऊच्या रेघांवर सगळ्याच स्कीज देवदूत असतात. साडेअकरानंतर, तुमच्या नेहमीच्या उतारावर, दोन स्कीज एकापाठोपाठ. डेमोच्या बाइंडिंग पट्टीवर पुढेमागे सरकतात. बूट खुणेवरच आला आहे का ते काउंटरवरून निघण्यापूर्वी बघा, कारण दोन सेंटिमीटर पुढे बसवलेली चांगली स्कीही चंचल वाटते. नखाची चाचणी डेमोच्या स्कीवरही करा. बोथट डेमोवरून चांगल्या स्कीला नाव ठेवणं फार सोपं आहे. बऱ्याच दुकानांत डेमोचे पैसे नंतर किमतीतून वजा होतात, विचारायला लाजू नका. मार्च संपताना भाव उतरतात, आणि पुष्कळदा पुढच्या वर्षीचं मॉडेल म्हणजे तीच स्की, वरचं चित्र नवं.

जुनी घेत असाल तर एज किती उरली आहे ते पाहा. बुटाखाली ती टोकापेक्षा निम्मी झाली असेल तर सोडून द्या. तळ आणि कडेच्या भिंतीमध्ये नख शिरत असेल तर थर सुटायला लागले आहेत. बाइंडिंगसाठी आधी किती वेळा भोकं पाडली तेही विचारा. अमेरिकेतली दुकानं कंपनीने यादीतून काढलेल्या जुन्या बाइंडिंगला हात लावत नाहीत, म्हणजे स्वस्तात मिळालेल्या स्कीवर नव्या बाइंडिंगचा खर्च चढतो. ग्रिपवॉक (चालायला सोपा, किंचित वळलेला) तळव्याचा बूट असेल तर बाइंडिंग तो स्वीकारते का हे वेगळं तपासा. दिसायला बसतो म्हणून चालत नाही. ब्रेकची रुंदी कंबरेइतकी किंवा फार तर पंधरा मिलिमीटर जास्त.

बाइंडिंगचा डिन आकडा (पडल्यावर बूट किती जोर लागला की सुटावा तो) मात्र मित्राला विचारून फिरवू नका. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही कसे स्की करता यावरून तक्त्यातून काढतात आणि यंत्रावर तपासतात. दुकानात जाताना स्कीसोबत दोन्ही बूट न्या, वजन खरं सांगा, आणि किती आकडा लावला तो पावतीवर लिहून घ्या. बूट बदलले की ही तपासणी पुन्हा.